शामला मावशीची अर्धी मारबत

चौदा पोरं बारा मिनिटांत झोपवणारी बाई तुम्ही पाहिली आहे? थापटून नाही, धाक दाखवून नाही, मोबाइल हातात देऊन तर नाहीच नाही. नुसत्या तोंडाने. नागपूरच्या बेसा भागातल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर श्वेता मॅडमचं पाळणाघर आहे. तिथे दुपारी एकला जेवणं उरकली, ताटल्या उचलल्या, गाद्या पडल्या, की शामला मावशी पदर खोचून मधोमध मांडी घालायची आणि सणाची गोष्ट सुरू करायची. बाहेर स्कूटरी, कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मजल्यावर फरशी कापणारा माणूस, काय वाट्टेल ते चालू असो. सव्वा वाजेपर्यंत हॉल चिडीचूप.

अकरा वर्षं हेच. मावशी आता चोपन्न वर्षांची. नवरा गोपाळराव जवळच्याच एका सोसायटीच्या गेटवर बसतो, मुलगा विक्की बुटीबोरीला कामाला जातो, आणि दोघांचंही म्हणणं असं, की ही घरी दोन वाक्यांच्या वर बोलत नाही. कशी बोलणार? घरी ऐकतं कोण! एकाला टीव्ही, दुसऱ्याला मोबाइल. तिचं बोलणं ऐकणारे चौदा जण होते आणि ते सगळे सहा वर्षांच्या आतले.

तिची एक पद्धत होती. सण दहा दिवसांवर आला, की त्या सणाची गोष्ट लागायची आणि दहा दिवस तीच चालायची. आखाडीची, तान्ह्या पोळ्याची, भुलाबाईची. दीक्षाभूमीला जाणाऱ्या घरांतली चार पोरं होती, त्यांच्यासाठी पांढऱ्या कपड्यांतल्या गर्दीत हरवून सापडलेल्या मुलीची. डिसेंबरात नाताळची, आणि तिच्यात लाल टोपीवाला म्हातारा कळमन्याच्या मंडीतून संत्र्यांच्या ट्रकवर बसून यायचा. हा ट्रक तिने स्वतःच्या डोक्याने घातला होता आणि त्याचा तिला भलता अभिमान होता. प्रत्येक गोष्टीत पोरांची स्वतःची घरं असायची. म्हातारा आधी हिच्या घरी, मग त्याच्या घरी. आपलं घर कधी येतं म्हणून पोरगं गप्प पडून राहतं, आणि घर येऊन गेलं की डोळे मिटतं. नियम एकच, मधात बोलायचं नाही. कोणी "मावशी, पण..." म्हटलं, की मावशीचा पारा चढायचा. "पन-बिन काही नाही. डोये मिट."

यंदा पोळ्याच्या आधी वैभवी आली. वय चार, घर नाशिकहून नव्याने आलेलं. आई हर्षा मिहानमधल्या एका कंपनीत, वडील जितेंद्र महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर. पोरगी बारीक, डोळे मोठे, आणि इथल्या पावसाळी हवेने जडलेला खोकला. तिच्या नाशकात पोळा होता, मारबत नव्हती. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचे मोठाले पुतळे मिरवणुकीने निघतात, लोक जीव तोडून ओरडतात, "इडा पिडा, रोगराई, घेऊन जा गे मारबत!" आणि शेवटी गावाबाहेर नेऊन तिला जाळतात. खेड्यात पुतळा नसला तर पळसाच्या फांद्या. इथल्या पोराला हे कोणी समजावून सांगत बसत नाही, बापाच्या खांद्यावरून पाहत पाहत ते मोठं होतं. वैभवीने काहीच पाहिलेलं नव्हतं.

मंगळवारी मावशीने मारबत लावली.

"नाल्याच्या पल्याड, पयसाच्या जंगलात, एक लय मोठी बाई राह्यते. तिचं नाव मारबत. वर्षभर झोपते अन् पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उठते. मोठी झोळी घेते अन् निंगते. ठक ठक ठक. कोन हाय? मी मारबत. काय देनं हाय? पहिलं घर रोशनीचं. रोशनीच्या घरी लय मच्छर. घे बाई आमचे मच्छर, घेऊन जा गे मारबत! टाकले झोळीत. ठक ठक ठक..."

आवाज सपाट, आणि ठक ठक ठक दर घरागणिक खाली उतरत जाणारं. ढेकूण, सर्दी, पोटदुखी, शेजाऱ्याशी झालेलं भांडण, एकेका घरातून एकेक झोळीत पडत गेलं. मावशी आठव्या घराशी पोचली तेव्हा तेरा जणांचे डोळे मिटले होते. "मंग मारबत आली वैभवीच्या घरी. वैभवीच्या घरी काय हाय? खोकला! घे बाई, घेऊन जा गे मारबत. टाकला झोळीत."

"मग?" वैभवी म्हणाली.

मावशीने मान वळवून पाहिलं. इतक्या वर्षांत आठव्या घरापुढे कोणी काही विचारलं नव्हतं.

"मंग काय? मंग झोप."

पोरगी झोपली नाही. बुधवारी तिने "मग" विचारलं नाही, पण झोपलीही नाही. तोंडावर रुमाल दाबून, डोळे टक्क उघडे ठेवून छताकडे पाहत राहिली. गुरुवारी तेच. शुक्रवारी हर्षा न्यायला आली ती दारातच थांबली. "मावशी, ही रात्रीसुद्धा झोपत नाही हो. विचारलं तर बोलत नाही, जेवत नाही. तुम्ही इथे काय सांगता मुलांना?"

"गोष्ट सांगतो, बाई. सणाची. भुताखेताचं सांगून राहिली का मी?" मावशी तडकली. हर्षा पोरीला उचलून गेली, आणि रात्री पालकांच्या ग्रुपवर तिने तेच लिहिलं.

शनिवारी श्वेता मॅडमने शामलाला आत बोलावलं. मॅडम वाईट नव्हे, उलट जीव लावणारी. म्हणूनच तिला बोलताना अवघड जात होतं. "मावशी, ग्रुपवर अजून दोघांनी विचारलं. मी एक स्पीकर मागवला आहे, झोपेचं संगीत लावायला. सोमवारी पाहू. वैभवी झोपली तर सवालच नाही, स्पीकर परत करते. नाही झोपली, तर मंगळवारपासून गोष्ट बंद. तुम्ही नुसतं बसा त्यांच्याजवळ."

'नुसतं बसा' हे शामलाला फार लागलं. गोष्ट गेली, तर उरलं काय? ताटल्या धुणं आणि ओल्या चड्ड्या बदलणं. ती कामं कोणीही करील. गोष्ट तिची होती.

घरी जाता जाता तिने ठरवलं, पोरगी हट्टी आहे, तिला शेवट पाहिजे, तर शेवट देऊन टाकू. एकदा 'मग' ऐकलं की पडेल गप्प. आणि चालता चालता ती मनात गोष्ट म्हणू लागली. पहिलं घर, दुसरं घर, आठवं घर... आणि पुढे? भर रस्त्यात ती थांबली. पुढे काहीच नव्हतं. लहानपणी माहेरी, कळमेश्वरला, तिचे बाबा बाजेवर पडल्या पडल्या ही गोष्ट सांगायचे, आवाज अजून कानात होता, पण तोही आठव्या घराशीच बंद व्हायचा. अरेच्चा! म्हणजे पोरांना झोपवणारी ही बाई लहानपणी स्वतःच त्या गोष्टीत झोपून जात होती, आणि शेवट तिने जन्मात ऐकलेलाच नव्हता.

रात्री तिने गोपाळरावांना विचारलं, "अहो, मारबत पुढं कुठं जाते?"

"जाळतात तिले."

"ते नाही विचारून राहिली मी. गोष्टीत कुठं जाते?"

गोपाळरावांनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

रविवारी सकाळी शामलाने शहराच्या मध्यावरची बर्डी गाठली आणि तिथून कळमेश्वरची बस धरली. तिथे तिची मोठी बहीण तुळसाबाई आणि सगळ्यांत मोठा भाऊ चंपतराव शेजारी शेजारी राहतात. बहिणीने चहा टाकला, पण शामलाला दम कुठला! वैभवीचं सगळं एका दमात सांगून तिने विचारलं.

"ताई, बाबा मारबतीची गोष्ट सांगत होते, तिचा शेवट काय होता वं?"

"मले विचारतं?" तुळसाबाई म्हणाली. "मी तं ठक ठक ऐकलं का झोपून जात होती. भाऊले विचार, तो मोठा हाय."

चंपतराव सत्तरीचे, कानाने जरा कमी. प्रश्न दोनदा ओरडून सांगावा लागला. कळल्यावर ते असे हसले, की कवळी सांभाळायची पाळी आली. "शेवट? अवं, बाबाच झोपून जाय!"

खरंच होतं ते. त्यांचे बाबा, धोंडबा, दिवसभर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. सातव्या-आठव्या घराशी आले, की त्यांचंच घोरणं सुरू व्हायचं. चंपतराव लहानपणी कितीदा हट्टाने जागे राहिले होते. बाबांना हलवून "बाबा, मंग?" विचारलं, की बाबा दचकून उठायचे आणि पहिल्या घरापासून पुन्हा सुरू करायचे. तिघं म्हातारी भावंडं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. पन्नास वर्षं ज्या गोष्टीचा शेवट दुसऱ्याला माहीत असेल असं दोघी बहिणींना वाटत होतं, तिला शेवट नव्हताच.

मग चंपतरावांना चेव आला. आपणच लावू शेवट, त्यात काय! "झोळी नदीत टाकते म्हना."

"अन् मच्छर वाढवते का नदीत?" तुळसाबाईने त्यांना तिथेच गप्प केलं.

"मंग पुरते जमिनीत."

"ढेकूण जमिनीत राह्यते का गा?"

अर्धा तास ही पंचाईत चालली. शेवटी तुळसाबाई चहाचे कप गोळा करता करता म्हणाली, "पन शामले, त्या पोरीले शेवट पाहिजे, हे तुले कोनं सांगितलं?"

"कोनं म्हंजे? 'मग' म्हनाली ना ते."

"एकदा म्हनाली. मंग तीन दिवस तोंडावर रुमाल धरून पडली हाय, असं तूच म्हनतं. रुमाल काहून धरते, विचारलं का तिले?"

शामलाने तर विचारलंच नव्हतं. परतीच्या बसमध्ये तिला खिडकीशी जागा मिळाली, पण बाहेर तिचं लक्षच नव्हतं. अकरा वर्षांत आपण पोरांना इतकं सांगितलं, त्यांना विचारलं काय? पोट भरलं का, शू आली का. बस्स.

सोमवारी दुपारी गाद्या पडल्या तरी मावशी मधोमध बसली नाही. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. ती गुडघ्यांना दोन शिव्या देत सरळ वैभवीच्या गादीवर तिच्याजवळ आडवी झाली. पोरगी डोळे विस्फारून पाहत होती, रुमाल तोंडावर होताच.

"वैभू, एक विचारू का बाई तुले? रुमाल काहून धरतं?"

पोरीने नाही म्हणून मान हलवली.

"कोनाले नाही सांगत मी. कानात सांग."

शेवटी रुमाल जरासा हलला. "मला खोकला येतो. तिला ऐकू जाईल."

"कोनाले?"

"मारबतला. तू तिला सांगितलंस ना, आमच्या घरी खोकला आहे म्हणून. पण खोकला माझ्या आतमध्ये आहे. मग ती मला पण झोळीत टाकणार ना?"

चार वर्षांचं लेकरू, आणि गेले इतके दिवस छातीतला खोकला रुमालाने दाबून पडलं होतं, रात्रंदिवस! आणि मारबतीला तिच्या घराचं दार दाखवलं कोणी? आपणच. रोज, नाव घेऊन. आपलं नाव आलं की पोरं खूश होतात म्हणे! शामलाला स्वतःचा इतका संताप आला, की थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"आधी खोकल," ती म्हणाली आणि तिने रुमाल काढून घेतला. "लागन तेवढं खोकल. कोनी ऐकत नाही, अन् ऐकलं तं ऐकलं."

वैभवी आधी भीत भीत खोकली. मग जे सुरू झालं ते थांबेचना. तोंड लाल झालं, डोळ्यांना धारा लागल्या. शामला तिची पाठ चोळत राहिली, मग घोट घोट पाणी पाजलं. श्वास जागेवर आला तेव्हा तिने पोरीला कुशीत ओढलं.

"आता ऐक. मारबत गावाच्या शिवेवर गेली अन् तिनं झोळी उतरवली. झोळी लय जड. म्हने, एवढं काय भरलं बाई यात? उघडून पाह्यते तं काय, आत एक पोरगी!"

"मी?"

"तूच. मारबत म्हने, अवं, मी तं खोकला मांगितला होता, पोरगी कोनं टाकली यात? पोरगी तिच्या मायची असते. तिनं तुले खांद्यावर घेतलं, तशीच वापस आली अन् ठक ठक ठक. हर्षाताई, हे घ्या तुमची पोरगी. खोकला तेवढा माह्यापाशी राहू द्या."

वैभवीने विचार केला. "नक्की खांद्यावर? झोळीत नाही?"

"खांद्यावर. झोळी तिनं शिवेवरच ठेवली."

"मग ठीक आहे," पोरगी म्हणाली, कूस बदलली आणि पाहता पाहता झोपून गेली. खरीखुरी झोपली, तोंड उघडं टाकून.

जमलं होतं! सोमवार शामलाचा झाला होता, गोष्ट वाचली होती. हात टेकून ती उठायला लागली, तोच मागून हळूच आवाज आला. "मावशी."

आयुष होता, खिडकीखालच्या गादीवरचा. साडेपाच वर्षांचा, तीन वर्षांपासून इथे येणारा. गुणी पोरगा, आडवा झाला की दोन मिनिटांत डोळे मिटणारा. आज तो उठून बसला होता.

"माझ्या आबांना काहून नाही आणलं मग वापस?"

"कोनाले, बेटा?"

"आबांना. मागच्या वर्षी तू आमच्या घरून आबांची खासी देली होती मारबतले. मग गणपतीत आबा गेले."

शामलाला आठवलं. आयुषला न्यायला त्याचे आजोबाच यायचे, फाटकाशी उभं राहून खोकायचे. तो खोकला ऐकूनच तिने त्यांच्या घरून खासी झोळीत टाकली होती. गमतीने. आणि हे पोरगं वर्षभर ते पोटात घेऊन रोज दुपारी तिच्यासमोर डोळे मिटून पडत होतं. अजून किती जण असे पडून होते आजवर? अकरा वर्षांची पोरं तिच्या डोळ्यांपुढून जाऊ लागली, आणि तिच्याने बघवेना.

"अन् मी पण ओरडलो होतो," आयुष म्हणाला. "मिरवणुकीत. पप्पांच्या खांद्यावरून. लय जोरात ओरडलो होतो, घेऊन जा गे मारबत."

जिभेवर दुसरा शेवट तयार होता. आबा आता चांदण्यांत बसले आहेत, वगैरे. शामलाने तो गिळला.

"इकडे ये," ती म्हणाली. तो आला. तिने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "आयुष, मारबतीनं नाही नेलं तुह्या आबाले. मारबत कोनालेच नेत नाही. तो बांबू-कागदाचा पुतळा असते. आबा म्हातारे झाले होते, बिमार होते, म्हनून गेले. तू ओरडला त्यानं काही नाही झालं. सगळं नागपूर ओरडते. गोष्ट मी बनवली होती, अन् अर्धीच बनवली होती. चुकी माही हाय."

"खरं?"

"एकदम खरं."

आता बाकीच्या गाद्यांवरही डोकी वर झाली होती. रोशनीला विचारायचं होतं, की त्यांचे मच्छर का गेले नाहीत. दुसऱ्या कोणाला भुलाबाई रात्री कुठे झोपते ते पाहिजे होतं. तेवढ्यात श्वेता मॅडम दारात आली. हातात स्पीकरचा खोका. तिने वैभवीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "झोपली! मावशी, मानलं तुम्हाला. हा मी आजच परत करते."

"नका करू," शामला म्हणाली. मॅडम पाहतच राहिली. "लावा ते संगीत, उद्यापासून. या पोरायले झोपवाले गोष्ट नाही सांगत मी आता. गोष्ट मी चार वाजता सांगतो, दूध पिल्यावर, सगळे जागे असतील तवा. पुसू द्या यायले काय पुसायचं ते."

"अहो, पण मावशी, चार वाजता हे प्रश्न विचारून तुमचा जीव खातील."

"खाऊ द्या."

मॅडम खोका तिथेच ठेवून गेली. आयुष अजून मावशीचे हात धरून उभा होता. तो कशाचा तरी विचार करत होता, कपाळाला बारीक आठी घालून.

"मावशी, आबा आता खोकलत असतील का?"

खोटं एक अक्षर बोलायचं नाही असं शामलाने आत्ताच ठरवलं होतं, आणि याचं उत्तर तिला माहीत होतं.

"नाही रे राजा," ती म्हणाली. "आता नाही खोकलत."